राब बांधाबाहेर जातो तेव्हा

दोन हजार एकवीस साल. त्या वर्षीचा चैत्र तलासरी तालुक्यात कोणी विसरणार नाही. उधवा गावात घराघरात माणसं खोकत होती आणि जो तो म्हणत होता, उन्हाचा खोकला आहे. करोनाचं नाव कोणी घेत नव्हतं. नाव घेतलं की गाडी येते आणि माणसाला घेऊन जाते, एवढंच सगळ्यांना ठाऊक. शेजारचा काकड्या त्या गाडीतून गेला, तो परत आला नाही.

जिजाच्या घरात आधी लेक आजारी पडली. रोशनी घोलवडला चिकू निवडायच्या कामाला जायची. तिला थोडी कणकण आली आणि ती उठून बसली. साठीच्या जिजाला मात्र तापाने पार आडवं केलं. आठवडाभर ती कण्हत पडली होती. मग एका सकाळी घाम फुटला, ताप उतरला आणि तिने पेज मागितली.

"गेलं दुखणं," नवरा झिपरू म्हणाला आणि विडी शोधायला लागला.

राबाचे दिवस होते. भाताचं बी पेरायच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या पसरून जाळायच्या, म्हणजे तणाचं बी जळतं आणि रोप जोमानं येतं. तोच राब. झिपरूच्या घरात राबाला काडी बाईनेच लावायची, सासूनंतर ते जिजाकडे आलेलं.

"आज नको जाऊ, आये," रोशनी म्हणाली.

"मग कोण, तुझा बाप? त्याला विडी पेटवायला तीन काड्या लागतात."

जिजाने वारा पाहिला आणि आग वाऱ्याविरुद्ध चालेल अशा बाजूने काडी लावली. अशी आग सावकाश सरकते, खोलवर भाजते. ओली फांदी घेऊन ती बांधाकडेने फिरत राहिली. ज्वाळा बांधाकडे झुकली की फांदीने दाबायची, पण विझवायची नाही. दोन फेऱ्यांतच तिला धाप लागली आणि ती मटकन खाली बसली.

"धूर लागला," झिपरू म्हणाला. जिजालाही तसंच वाटलं. राबाच्या दिवशी कोण खोकत नाही?

दुसऱ्या दिवशी राख थंड झाली, धूर कुठच्या कुठे गेला, तरी जिजा दोन शब्दांमध्ये श्वास घेत होती. गंमत म्हणजे तिला स्वतःला काही जाणवत नव्हतं. थट्टामस्करी चाललेली. रोशनीने तिची नखं पाहिली, जांभूळ खाल्ल्यासारखी. ती धावत जाऊन शांतीला, गावच्या आरोग्याचं पाहणाऱ्या आशाताईला, घेऊन आली. शांतीने जिजाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला, चिमटा पुसून पुन्हा लावला.

"डहाणूला न्या. आत्ताच."

झिपरू दारात आडवा उभा राहिला. "काकड्यालाही आत्ताच म्हणाले होते. मरायचं तर घरात मरेल."

"मरायचं कोण म्हणालं?" जिजाने विचारलं. "तू परस्पर ठरवू नको, रोशनीच्या बापा." आणि तिने उठायला लेकीकडे हात केला.

डहाणूला तिला ऑक्सिजन लावून पालथं निजवलं. तिथला डॉक्टर धर्मेश हा घोलवडच्या चिकूच्या वाडीवाल्यांचा मुलगा. जिजाने त्याला मास्कमधूनच विचारलं, "ताप तर गेला होता. मग करोना एवढा वाढला कसा?"

"करोना वाढला नाही, मावशी. तो जवळजवळ संपलाय. तुमच्या अंगातले शिपाई त्याला मारायला धावले, मारलंही. आता ते थांबतच नाहीत. घाव तुमच्याच फुप्फुसांवर बसतायत."

 जिजा म्हणाली, "राब बांधाबाहेर गेला."

डॉक्टरला चिकूची कलमं ठाऊक, राब ठाऊक नव्हता. बोलू नका म्हणता म्हणता त्यानेच स्टूल ओढलं आणि तिने एकेक शब्द करत त्याला सगळं सांगितलं.

"मग शिपायांना आवरायला देतोय ते इंजेक्शन म्हणजे तुमची ओली फांदी," तो म्हणाला.

"पहिल्याच दिवशी का नाही देत?"

"पहिल्याच दिवशी राब दाबला तर तण मरेल?"

जिजाने उशीवरच मान हलवली.

फेरीवर आला की तो थोडं थोडं सांगे. हा रोग तिच्या अंगाने जन्मात पाहिला नव्हता. तरी आतल्या असंख्य शिपायांतून त्याला धरू शकतील असे मोजके निवडले गेले, आणि त्यांच्यासारखे हजारो तयार झाले. हुकूम कोणी दिला नाही, शिकवलं कोणी नाही. जिजाने साठ वर्षं या अंगाकडून मोळ्या वाहून घेतल्या होत्या. आत एवढं गाव नांदतंय याचा तिला पत्ता नव्हता. गाभण गाईच्या कुशीवर ठेवतात तसा तिने बरगड्यांवर तळवा ठेवला आणि श्वास वरखाली होताना ऐकत राहिली.

घरी जाताना तिने विचारलं, "परत आला तर?"

"आता ओळखतील. काही शिपाई त्याचा तोंडवळा लक्षात ठेवून वर्षानुवर्षं हाडांच्या आत बसून राहतात."

जिजाला तिची ठकी आत्या आठवली आणि ती डॉक्टरला सांगू लागली. ठकीचं तोंड देवीच्या व्रणांनी भरलेलं. जिजाच्या लहानपणी कोणाच्या घरी देवी आली की ठकीलाच बोलावत. ती रोग्याला पाणी पाजी, अंग पुशी, आणि तिला काही होत नसे. लोक म्हणत, देवी प्रसन्न आहे.

"म्हणजे ती आत्याच्या हाडांत बसली होती," जिजा म्हणाली. डॉक्टर हसला नाही.

धर्मेश पुढे वलसाडला गेला, तिथे त्याने दवाखाना काढला. शांती अजून उधव्याला आशाताई आहे. लशीच्या नावाने पळणाऱ्या झिपरूने तिच्याच आग्रहाने लस घेतली, तोंड फिरवून. तिसऱ्या हिवाळ्यात तो म्हातारपणाने गेला, स्वतःच्या घरात, त्याला हवं होतं तसा. रोशनी झरीला दिली. तिला एक मुलगी आहे, आणि हंगामात ती अजून घोलवडला जाते.

जिजाला त्या दुखण्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात करोना पुन्हा झाला. सगळं गाव शिंकत होतं तेव्हा तिचंही नाक वाहिलं आणि थांबलं. पण फुप्फुसांत जळाल्याच्या खुणा राहिल्या. लाकडांना जाताना अर्ध्या चढावर तिला बसावं लागतं. बरोबरच्या बाया काही विचारत नाहीत. त्याही मोळीच्या दोऱ्या खाली ठेवतात आणि तिच्याजवळ बसतात.