बापाची बाजू

लालसिंगने आपला तिसरा प्रवेश वाचून संपवला आणि भगवानरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो गुरुजी, हा बाप आहे का जिनिंग कारखान्याचा भोंगा? पहिल्या पानापासून नुसता ओरडून राह्यला. 'नाही मंजे नाही!' याच्या तोंडात दुसरं वाक्यच नाही?"

वर्गात खसखस पिकली. एकसष्ट सालच्या उन्हाळी सुट्टीत यवतमाळच्या नाटकवेड्या मंडळींनी शाळेच्या दोन खोल्या मागून घेऊन नाटक लिहायला शिकवण्याचा वर्ग काढला होता. शिकवायला भगवानराव. सारा जन्म नाटकं बसवण्यात घालवलेला माणूस. खून कसा लिहावा हे सांगताना स्वतःच जमिनीवर मरून पडायचा आणि धोतर झटकत उठायचा. शिकायला दोन पोस्टमन, एक वकिलाचा कारकून, बाकी सगळे मास्तर. लालसिंगही मास्तरच, राळेगावकडच्या शाळेवरचा.

पण तो काही नाटककार व्हायला आला नव्हता. त्याची धाकटी बहीण हंसा सातवीची फायनल पास झाली होती. तिला यवतमाळला मास्तरीणबाईच्या ट्रेनिंगला जायचं होतं आणि प्रवेशाला आठवडाच उरला होता. बाप, धावजी, परवानगी देत नव्हता. आई जाऊन चार वर्षं झाली होती. आता उमरखेडजवळच्या बंजारा तांड्यातल्या घरात बाप आणि हंसा दोघंच. आणि धावजीसमोर उभं राहिलं की लालसिंगची जीभ टाळूला चिकटायची. तोंडाने जमत नाही तर लिहावं, एका दुष्ट बापाचं आणि गरीब पोरीचं नाटक रचावं, ते तांड्यात वाचावं, म्हणजे बाप शरमेने मान खाली घालील, असा त्याचा बेत. बेत कसला, पळवाटच ती.

"रविवारी गावी जा," भगवानराव म्हणाले. "ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना वाचून दाखवा. आणि एक ध्यानात ठेवा. बाप बरोबर आहे, असं एकदा तरी तुम्हाला वाटलं पाहिजे. तोवर हे नाटक नाही, फिर्याद आहे."

बाप बरोबर असता तर नाटक लिहिलं कशाला असतं, असं लालसिंगच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि शनिवारी उमरखेडची एस.टी. धरली.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत तांडा लिंबाखाली जमला. पुरुष पुढे, बाया मागे. धावजी पहिल्याच रांगेत, पागोटं नीट बांधून बसला होता. पोराने काहीतरी लिहिलं याचा त्याला मनातून अभिमान होता. मागे शेजारच्या रुपीबाईजवळ हंसा बसली होती. लालसिंगने वाचायला सुरुवात केली. नाटकातला बाप ओरडला, पोरगी रडली, बाप पुन्हा ओरडला. धावजीने ऐसपैस जांभई दिली. शरमेचं चिन्ह कुठेच दिसेना.

तेवढ्यात पूनमसिंग नाईक आले. तांड्याचे प्रमुख, वयाने सगळ्यांत थोर. शेताकडून येताना उशीर झालेला, त्यामुळे सुरुवातीचं 'हे नाटक आहे' त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच, की तांडा गोळा झालाय आणि एक जण कागद धरून कुणाचं तरी गाऱ्हाणं वाचतोय. ते आपल्या जागेवर बसले, थोडा वेळ ऐकलं आणि काठी आपटली.

"थांब. कोण्या तांड्याचं भांडण हाय हे? त्या बापाले बोलवा. नसाब बसली."

नसाब म्हणजे तांड्याची न्यायाची बैठक. सगळे एकमेकांकडे बघू लागले. लालसिंगने घाबरत सांगितलं, "नाईक, हे खरं नाई. हे मी लिहिलं, मनानं."

"मनानं का असंना. भांडण तांड्यात आलं ना? मंग ते मिटवल्याबिगर उठता येत नाई. आणि तोवर कोणी जेवाचं नाई. माह्या आज्यापासून हेच चालू हाय."

मागून रुपीबाई ओरडली, "अन् माह्या भाकरी?"

"थंड्या होऊ दे."

या तांड्याच्या नसाबीत आणखी एक शिरस्ता होता. ज्याचं भांडण त्याने स्वतः बोलायचं नाही. रागावलेल्या माणसाला धड बोलता येत नाही म्हणून नाईक दोन्ही बाजूंना बोलणारा नेमून देत, आणि नेमणुकीला नाही म्हणायची सोय नव्हती. नाईकांनी गर्दीवर नजर फिरवली.

"पोरीकून धावजी बोलंन. त्याच्यावानी बोलणारा नाई तांड्यात. अन् तू रे, मास्तर! तू त्या बापाले बोलूच नाई दिलं. आता त्याच्याकून तूच बोल."

धावजीच्या घरात काय चाललंय हे नाईकांना ठाऊक होतं की नव्हतं, ते आजतागायत कुणाला कळलं नाही. त्यांचा चेहरा नुसता कोरा होता. धावजीचा मात्र लालबुंद झाला. पण हा माणूस नसाबीत कधी हरला नव्हता. आणि आज पोटच्या पोराकडून हरायचं? त्याने मिशीवरून हात फिरवला.

लालसिंग उभा राहिला. कागदात बघून उपयोग नव्हता. तिथे 'नाही मंजे नाही' याखेरीज काहीच नव्हतं.

"आपल्या बुढ्यांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातला," तो चाचरत म्हणाला. "तांडा संग चाले, संग थांबे. कोणाले एकटं सोडलं नाई. मंग पोरीले काहून सोडावं?"

लोकांनी माना डोलावल्या. लालसिंगला स्वतःचंच नवल वाटलं.

धावजी हसला. "संग चाले? अन् पाणी कोण पाहे? एक जण आधी पुढं जाये का नाई, एकटा? त्याले वाट सापडे, मंग मागचा तांडा पाण्यावर पोचे. ही पोरगी पुढं चालली, एवढंच! जो पुढं जाते त्याले अडवत नसतेत, त्याले भाकर बांधून देतेत."

"वा रे धावजी!" बाया ओरडल्या. हंसाने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

"लोक नावं ठेवतीन," लालसिंग म्हणाला.

"लोकायचे लेकरं तिच्याच शाळेत येतीन!"

हशा झाला. धावजी आता रंगात आला होता, हात नाचवून बोलत होता. लालसिंगला दिसत होतं की आपण हरत चाललोय, आणि हरायचंच तर होतं. पण आता त्या नाटकातल्या बापाची त्याला खरोखरच कीव येऊ लागली होती. इतकी पानं त्याला नुसतं ओरडायला लावलं. त्याला आठवली संध्याकाळची आपली चूल, पाटावर बसलेला बाप आणि भाकरी थापता थापता बडबडणारी हंसा. त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "पण ती गेल्यावर घरात मी बोलू कोणासंग?"

धावजीचा वर गेलेला हात तसाच राहिला. तो पोराकडे वळून बोलला तेव्हा त्याचा नेहमीचा नसाबीतला आवाज राहिला नव्हता.

"नाई बोलणार कोणासंग. बैलासंग बोलंन. नाई तर चूप बशीन. पण आपल्याले करमत नाई म्हून लेकराले बांधून ठेवाचं? हे बापाचं काम नव्हे."

नाईकांनी काठी आपटली. "पोरगी जाईन. उठा, जेवा."

लोक भाकरीकडे धावले. लालसिंगने कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहायला घेतलं; नाटकातला बाप आता थांबता थांबत नव्हता. लालसिंगच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही येत होतं.

हंसा बापासमोर येऊन उभी राहिली. तिला भीती होती की हे सगळं नाटकातल्या पोरीसाठीच होतं.

"बा, एवढं चांगलं बोलता येते तुमाले. मंग माह्यासाठी आधी काहून नाई बोलले?"

धावजीने पागोटं काढून कपाळाचा घाम पुसला.

"तुह्या बाजूनं मले कोणी उभंच नव्हतं केलं, पोरी," तो म्हणाला. "जाय, भाकर बांध. उद्याच्या गाडीनं मीबी येतो यवतमाळले."