हरायची नोकरी

योलांडानं पावडरचा पफ रसेल टिंडलच्या कपाळाजवळ आणला आणि सवयीनं तिथूनच परत फिरवला. गाल झाले, नाक झालं, हनुवटी झाली. कपाळाला हात लावायचा नाही, असा वरून हुकूम होता. स्टुडिओच्या दिव्यांखाली ते चकाकायला हवं, म्हणजे घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला वाटतं, याला घाम फुटलाय, म्हणजे हा खोटं बोलतोय. बाकीच्यांची कपाळं मात्र योलांडा ठणठणीत कोरडी करून सोडायची.

"मान वर कर, बाबा. कॉलरला लागतंय."

'मॅब्री लाइव्ह' या कार्यक्रमात रसेल कित्येक वर्षं चौथ्या खुर्चीत बसत होता. नावात लाइव्ह असलं तरी कार्यक्रम दुपारी टेप व्हायचा आणि रात्री दाखवला जायचा. खोटेपणाची सुरुवात अशी पाटीपासूनच होती. पहिल्या खुर्चीत वेड मॅब्री, उजव्या मंडळींच्या गळ्यातला ताईत. शेजारच्या दोन खुर्च्यांत त्याची री ओढणारे दोन पाहुणे, रोज नवे पण बोलणं तेच. आणि चौथ्या खुर्चीत एक डावा. डाव्यानं तोंड उघडायचं, वाक्य निम्म्यावर आलं की मॅब्रीनं टेबलावरची गाईच्या गळ्यातली घंटा वाजवायची, आणि प्रेक्षकांनी खो खो हसायचं. हरायचीच नोकरी होती ती.

रसेल स्वतःला सांगायचा की शत्रूच्या घरात जाऊन खरं बोलायला कुणीतरी हवंच. पूर्वी तो एका वर्तमानपत्रात अग्रलेख लिहायचा. ते बंद पडलं, आणि त्यानंतर त्याला कुणी विचारलं असेल तर ते या लोकांनीच. तरी मॅब्री त्याच्या लेखी आडदांड गावगुंड होता, पाहुणे भाट होते, आणि पेनसिल्व्हेनियातून बसनं येणारे, फुकटच्या पिझ्झावर तुटून पडणारे प्रेक्षक म्हणजे निव्वळ मेंढरं. मनातल्या मनात सगळ्यांवर नाक मुरडायचं आणि तेवढ्यावर स्वतःला ताठ कण्याचा समजायचं, असा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

योलांडा आता शेजारच्या खुर्चीकडे वळली होती. तिथे तिशीतली एक मुलगी बसली होती, आखूड केस, निळा कोट. पाहुणी असेल, असं म्हणून रसेलनं दुर्लक्ष केलं. आरशात त्याला पफ दिसत होता. गाल. नाक. हनुवटी. पफ कपाळाजवळ गेला आणि परत फिरला.

रसेलच्या ध्यानात आलं, ही पाहुणी नव्हे, दुसरी डावी. त्यानं आरशातूनच योलांडाकडे पाहिलं. ती डबीचं झाकण लावण्यात फारच गुंतली होती.

"मिस्टर टिंडल ना तुम्ही?" मुलगी म्हणाली. "मी मार्गो लिंड. आज मला पाचवी खुर्ची घातलीय. फक्त आजच्यापुरती, असं मार्सी म्हणाली."

"असं म्हणाली का?"

"कॉलेजात आम्ही सगळे मिळून तुम्हाला बघायचो. पैजा लावायचो, आज तुमचं एखादं वाक्य पूर्ण होईल का."

"कोण जिंकायचं?"

मार्गो ओशाळली. "मी दर वेळी 'होईल' म्हणायचे. मला वाटायचं, एक दिवस हा माणूस उठेल आणि त्या मॅब्रीला असं काही सुनावेल की बस्स. नंतर सरळ दाराबाहेर."

रसेल हसला. कपाळ तेवढं चकाकलं.

निर्माती मार्सी डिलनला त्यानं बोळातच गाठलं. तिच्या हातात अर्धी खाल्लेली बेगल होती आणि कानात यंत्र. बोलताना तिचं निम्मं लक्ष नेहमी कानातल्या माणसाकडे असायचं.

"ती माझ्या जागेवर येतेय," रसेल म्हणाला.

"रस, आत्ता नको ना. शो झाल्यावर बोलू."

"येतेय की नाही?"

मार्सीनं बेगल कागदात गुंडाळली. "तुझं कंत्राट या महिन्यात संपतंय, ते वाढवायचं नाही असं वरच्यांचं म्हणणं आहे. तुझं काही चुकलं नाही रे. पण लोकांना आता तुझा राग येत नाही. आम्ही विचारून पाहिलं. बायका म्हणाल्या, बिचारा म्हातारा. आता दया आली की माणूस चॅनल बदलतो, त्याला मी काय करू?"

"बिचारा?"

"मी नाही म्हटलं. ओहायोच्या बायकांनी म्हटलं."

ती निघून गेली. रसेल बोळात भिंतीला टेकून उभा राहिला. इतकी वर्षं ज्यांना त्यानं काडीची किंमत दिली नव्हती, त्या लोकांनी आपली कीव करावी याचं त्याला फार लागलं. आणि खुर्ची गेली तर आपण उद्यापासून कोण? बाजारात लोक त्याला ओळखायचे, "अरे, तू तो घंटावाला ना?" म्हणून हसायचे. तो तुच्छतेनं मान हलवायचा, आणि एखाद्या दिवशी कुणीच ओळखलं नाही तर घरी येऊन चडफडत बसायचा.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी मॅब्री दूध प्यायचा. ते असं की डावे लोक सोयाबीनचं, बदामाचं, ओटचं पाणी पितात आणि त्याला दूध म्हणतात, यावर तो दर आठवड्याला तोंडसुख घ्यायचा आणि शेवटी गाईचं चित्र असलेला खोका उघडून ग्लासभर दूध घटाघटा प्यायचा. ओठांवरची पांढरी मिशी न पुसता तो कॅमेऱ्याकडे बघायचा, आणि घरून आणलेल्या घंटा वाजवून प्रेक्षक स्टुडिओ डोक्यावर घ्यायचे.

त्या खोक्यात ओटचंच दूध असायचं. मॅब्रीच्या पोटाला गाईचं दूध सोसत नसे. पूर्वी एकदा खरंखुरं प्यायला तेव्हा टेपिंग अर्ध्यावर टाकून पळाला होता. तेव्हापासून सामान सांभाळणारा माणूस दर शुक्रवारी ओटचं दूध त्या खोक्यात ओतून ठेवायचा. मार्सीपासून ते झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. रसेलनंही काढला नव्हता.

आजचा विषय आयताच होता. ओरेगनमधल्या कुठल्याशा गावानं शाळेच्या जेवणातलं चॉकलेटचं दूध बंद करून ओटचं दूध सुरू केलं होतं. मॅब्रीला गगन ठेंगणं झालं.

"आधी त्यांनी पोरांच्या हातातून झेंडा घेतला," तो म्हणाला. "मी गप्प बसलो. मग त्यांनी पोरांच्या हातातून चॉकलेटचं दूध घेतलं. आता मात्र युद्ध!"

हशा झाला. पहिला भाट म्हणाला, ओटचं दूध पिणारी पोरं मोठेपणी कवी होतात. दुसरा म्हणाला, कवी परवडले, समाजशास्त्रज्ञ होतात. विनोद शिळा होता. मेंढरं तरीही हसली.

"आणि तुझं काय म्हणणं आहे, रस?" मॅब्री वळला. "सांग बाबा, आम्हाला शिकव."

"त्या गावातल्या मुलांच्या दातांचे डॉक्टर गेली काही वर्षं..."

घंटा वाजली. हशा. ठरलेलं वाक्य, ठरलेली जागा. रसेलनं मार्गोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तीच ती पैज लावणाऱ्या पोरीची वाट बघणारी नजर होती. आणि पलीकडे मॅब्री खोका उघडत होता.

रसेल उठला. कापतील तर कापू देत, त्याच्या मनात आलं, निदान एवढी माणसं तर बघतील. तीन ढांगांत तो टेबलापाशी पोचला आणि त्यानं मॅब्रीच्या हातातून खोका काढून घेतला.

पहिल्या रांगेत एक धिप्पाड बाई बसली होती. कार्यक्रमाआधी प्रेक्षकांना हसतं करणाऱ्या पोऱ्यानं तिला बोलतं केलं होतं. लॉरेटा तिचं नाव. गाईंचा गोठा, तीन पिढ्यांचा. रसेल थेट तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, तुमचं सगळं आयुष्य दुधात गेलं ना?"

"हो, गेलं की!" ती ठसक्यात म्हणाली.

"मग हे प्या. आणि काय आहे ते या सगळ्यांना सांगा."

तिनं आधी मॅब्रीकडे पाहिलं, मग खोक्यावरच्या गाईकडे. एक घोट घेतला. तोंडात घोळवला.

"हे दूध नाही," ती म्हणाली.

स्टुडिओत कुणाची घंटा किणकिणली आणि कुणीतरी ती घाईनं दाबून धरली. रसेलनं मॅब्रीकडे बोट केलं. "हा माणूस वर्षानुवर्षं तुमच्यासमोर ओटचं पाणी पितोय," तो म्हणाला. वाक्य पूर्ण झालं. घंटा वाजली नाही. मॅब्रीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि ते बघून रसेलला जे वाटलं तसं त्याला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

मॅब्रीनं मान खाली घातली. सावकाश चष्मा काढला.

"खरं आहे," तो म्हणाला. "माझ्या पोटाला दूध चालत नाही."

त्यानं चष्मा टेबलावर ठेवला.

"माझे आजोबा विस्कॉन्सिनात दूध घालायचे घरोघर. आणि मी, त्यांचा नातू, मला एक थेंब पचत नाही. देवानं माझ्या पदरात हे घातलं. लाज वाटते म्हणून लपवलं. पण लोकहो, मी भांडतो कशासाठी?" त्यानं वर पाहिलं. डोळे खरोखरच ओले होते. ते कसे आणायचे हे तोच जाणे. "जे माझ्या नशिबात नाही, ते तुमच्या पोरांच्या हातून कुणी हिसकावू नये, म्हणून!"

आधी लॉरेटा उठली. मग तिची रांग, मग सगळा स्टुडिओ. घंटांचा असा काही गदारोळ झाला की ध्वनीवाल्यानं कानांवरचे हेडफोन काढले. लॉरेटा बाहीनं डोळे पुसत होती. "दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका!" असं ती ओरडून मॅब्रीला सांगत होती, अगदी घरच्या माणसासारखं. भाटांपैकी एकानं मॅब्रीला मिठी मारली, दुसऱ्याला मिठीत जागा मिळेना.

रसेल खोका हातात घेऊन मधोमध उभा होता. मग कुणीतरी त्याची हुर्यो उडवली, आणि ती बघता बघता सगळीकडे पसरली. यावेळी कुणी हसत नव्हतं. खराखुरा, दात-ओठ खाऊन केलेला धिक्कार होता तो. "लाज वाटू दे!" लॉरेटा त्याच्यावर खेकसली. "आजारी माणसाशी असं वागतात?"

टेपिंग संपलं, दिवे उजळले. रसेलनं कोटावरचा माइक सोडवायला घेतला. मार्गो त्याच्याकडेच येत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्याला क्षणभर आपण खूप उंच झाल्यासारखं वाटलं.

"वाक्य पूर्ण झालं तुमचं," ती म्हणाली. "चला. मीही निघते. मला नको ही खुर्ची."

एवढ्यात मार्सी धावत आली. तिचं सगळं लक्ष, पहिल्यांदाच, समोरच्या माणसाकडे होतं.

"माइक काढू नकोस! रस, काय केलंस रे तू! ऐकलंस त्यांना? मला वरून फोन आलाय. तुझा तिरस्कार करतायत ते, अगदी मनापासून!"

"म्हणजे हे कापणार नाही तुम्ही?"

"कापू? आठवडाभर दाखवू! कंत्राटाचं मी बघते, सोमवारी कागद तयार. फक्त एक घोळ झालाय. तू उठलास तेव्हा कॅमेरा मॅब्रीवर होता. तुझा उठतानाचा चेहराच नाही आमच्याकडे. तेवढं परत देशील? बसायचं, उठायचं, खोका घ्यायचा, बाईकडे जायचं."

प्रेक्षकांना हसवणारा पोऱ्या एव्हाना समोर जाऊन समजावत होता की मंडळी, तुम्हाला अजून काहीच माहीत नाही, तसेच चेहरे करा. मेंढरं उत्साहानं चेहरे बदलायला लागली. लॉरेटा पुटपुटत "हे दूध नाही" म्हणून बघत होती, एकदा रागानं, एकदा दुःखानं. मॅब्रीनं लांबूनच रसेलला अंगठा दाखवला.

"मला वाटलं, तुम्ही निघालात," मार्गो हळूच म्हणाली.

"एवढं एक झालं की," रसेल म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे."

मार्गोनं आपला माइक काढून टेबलावर ठेवला. ती गेली तरी कुणाचं काही अडलं नाही. फ्रेममध्ये ती येत नव्हतीच.

रसेल खुर्चीत बसला. उठला. तीन ढांगा टाकल्या, खोका हिसकावला, बाईला विचारलं. लॉरेटानं घोट घेतला आणि आधीपेक्षा कितीतरी छान सांगितलं की हे दूध नाही. हुर्योही झकास झाली.

"मिळालं!" मार्सी म्हणाली. "सुटलो सगळे."

माणसं पांगायला लागली. रसेल मॉनिटरसमोर वाकून उभा होता आणि स्वतःचा उठतानाचा चेहरा पुन्हा मागे नेऊन बघत होता.

"राग जरा कमी पडतोय गं मार्सी," तो म्हणाला. "अजून एकदा घेऊ या का?"

आणि ती हो म्हणायच्या आधीच तो खुर्चीत जाऊन बसलासुद्धा होता.