पुलाचं वचन दिलेला भोंगा

मित्रांनो, माझं तोंड लई मोठं, पण स्वतःचं असं काही बोलणं नाही. मी एक जुना भोंगा आहे. दौंडच्या एका मंडपवाल्याकडून पोपटराव आप्पांनी मला विकत घेतलं. तेव्हा ते खासदार नव्हते. एक जीप, एक बॅटरी, ड्रायव्हर पाशाभाई आणि मी, एवढाच सगळा प्रचार.

निमोण्यापासून वरवंडपर्यंत आम्ही धूळ खाल्ली. आप्पा दोनदा खासदार झाले. दिल्लीला गेले. खरं सांगतो, कामं पण केली. रस्ते आणले, लोकांचे अर्ज घेऊन मंत्र्यांच्या दारात बसले. लोक मला पण हार घालायचे. पण भीमेकाठच्या एका वस्तीत आप्पा माझ्यातून बोलले, "पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यावर पूल!" दोन निवडणुकांना बोलले. पूल झाला नाही. तिसऱ्यांदा आप्पा पडले. ते माजी झाले अन् मी गोठ्यात, कडब्यावर.

यंदा ऑगस्टात वरच्या धरणांचं पाणी सोडलं. भीमा फुगली. वस्तीत मोबाईलला रेंज नाही. बाहेर पडायला ओढ्यावरची फरशी, म्हणजे पाण्यालगतचा बुटका सिमेंटचा रस्ता, एवढीच वाट. आणि नदीचं पाणी ओढ्यात उलटं शिरत होतं. तासाभरात फरशी बुडणार होती. भर दुपारी आप्पांनी मला जीपवर बांधायला लावलं.

"आप्पा, तुम्ही घरी बसा. मी जातो," पाशाभाई म्हणाला.

"गप गाडी काढ."

वस्तीत शिरलो. आप्पांची सवय जाते कुठं! "माझ्या मतदार बंधू-भगिनींनो..."

एक दार उघडलं नाही. ओट्यावर शेळीला पाला घालणारी आक्काबाई हसली. "आला बघा पूलवाला! आप्पा, इलेक्शन कवा हाय?"

"आक्काबाई, पाणी येतंय!"

"व्हय का? मागं पूल बी येत हुता."

घराघरातून हसू आलं. मी नुसता खरखरलो. आवाज भरपूर, पण ऐकणार कोण?

पाशाभाईनं मागं बघितलं. "आप्पा, पाणी फरशीला लागलं."

आप्पांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "मत नको. पूल मी दिला न्हाई. खोटं बोललो तुमच्याशी, दोनदा. पूल असता तर आज बोलवायला आलोच नसतो. शिव्या द्या मला, पण चालता चालता द्या!"

पहिलं दार उघडलं. मग दुसरं. म्हाळूनं म्हातारीला पाठीवर घेतलं. राबियानं गॅस बंद केला, लेकरं बाहेर काढली. आक्काबाई खरंच शिव्या देत निघाली, शेळीचं दावं हातात. फरशीवर पाणी आधी घोट्याएवढं, मग पोटरीएवढं. पाशाभाईनं माणसांची साखळी केली. आप्पा एकेकाचं नाव घेऊन बोलवत राहिले, घसा बसला तरी. शेवटी जीप तिथंच सोडली, मला खांद्यावर घेतलं आन् निघाले. माणसं सगळी वाचली. जीप गेली.

पलीकडं आक्काबाईनं लुगड्याचा पदर पिळला. "आप्पा, आता पूल मागायला आम्हीच जातो. भोंगा तेवढा द्या."

"मी येऊ का?"

"या की. पण माईक माझ्याकडं."

मित्रांनो, आज मला तहसील कचेरीसमोर बांधलंय. आक्काबाई बोलतीय, आप्पा खाली सतरंजीवर बसलेत. मला कोरडं ठेवा, आपटू नका, एवढं मागणं तर आहेच. पण अजून एक. माझ्यातून बोललेलं माझ्यात राहत नाही, लगेच हवेत जातं. म्हणून कोण काय बोललं ते तुम्ही लक्षात ठेवा. आणि तो परत आला की पहिलं तेच विचारा.