सावानेची धून

बगळे हरतात हे शिओहामात कुणाला सांगावं लागत नाही. या जपानी गावच्या बेसबॉल संघाचं कागदावरचं नाव शिओहामा हेरॉन्स, पण गावात सगळे बगळेच म्हणतात. एका पायावर तासन्‌तास उभं राहून ऐन वेळी मासा हुकवावा तो यांनीच. तरीही हिसाए तरुणपणापासून उजवीकडच्या स्वस्त बाकांवर, पाठीराख्यांच्या पथकात मोठा ढोल वाजवत आली होती. इसाओ तेव्हा तिथंच ट्रम्पेट वाजवायचा. दोघांचं जमलं तेही एका हरलेल्या सामन्यात. जिंकले असते तर सगळे ओरडत, नाचत पांगले असते, आणि त्या भिडस्त माणसाला तिच्याशी दोन शब्द बोलायला सवड मिळाली नसती.

आता ऑक्टोबरातला हा रविवार, आणि बगळ्यांचा शेवटचा सामना. मालक कंपनीने संघ दूरच्या शहरातल्या दुसऱ्या एका संघात मिसळून टाकला होता. चार चांगले खेळाडू तिकडे जाणार, बाकीचे आपापल्या घरी. पुढच्या वसंतात या मैदानावर कुणी येणार नव्हतं.

बाकांवर बायका डबे उघडायच्या आधीच रडायला लागल्या होत्या. हिसाए रडली नाही. तिला आज एकच गोष्ट हवी होती. सावाने नावाच्या माणसाने एकदा, फक्त एकदा, बॅट घेऊन उभं राहावं. मारलं नाही तरी चालेल.

कारण असं की, पथकात प्रत्येक फलंदाजाची स्वतःची एक धून असते. तो उभा राहिला की वाजायला लागते, त्याची पाळी संपली की थांबते. शिओहामातल्या धुना इसाओ रचायचा. सायकलींच्या दुकानात चाकं सरळ करता करता गुणगुणायचा आणि संध्याकाळपर्यंत धून तयार. त्याचे नियम दोनच. खेळाडूला त्याची धून आधी सांगायची नाही, त्याने ती मैदानात उभं राहूनच ऐकायची. आणि जो उभा राहिला नाही, त्याची वाजवायची नाही. "माणसाशिवाय धून म्हणजे नुसता गोंगाट," असं म्हणायचा.

सावाने हा तिसरा कॅचर, फलंदाजामागे बसून पिचरने फेकलेले चेंडू झेलणारा. म्हणजे पहिल्या दोघांना एकाच दिवशी वीज पडून काही झालं, तरच याचा नंबर. तोवर कुंपणापाशी उकिडवं बसायचं आणि पिचरांचे सरावाचे चेंडू झेलायचे. एकदा तो पंक्चर काढायला दुकानात आला आणि इसाओ चाक काढत असताना सायकल धरून उभा राहिला. काम झाल्यावर वाकून नमस्कार केला आणि गेला. एवढीच ओळख.

गेल्या वर्षी इसाओ इस्पितळात पडून होता, तेव्हा एक दिवस हिसाए संत्रं सोलत असताना गुणगुणायला लागला.

"अहो, ही कुणाची?"

"सावानेची."

"त्याची? त्याला बॅट पुसायला तरी देतात का?"

"देतील गं कधीतरी. आणि दिली तेव्हा धून तयार नसली, तर? लाज कुणाची जाईल?"

पथकाचा म्होरक्या गोदाई, पोस्टमन माणूस, तो रोज कामावरून यायचा आणि इसाओच्या तोंडाला कान लावून धून शिकायचा. नर्स रागावायची म्हणून ट्रम्पेटमध्ये मोजा कोंबून वाजवायचा. शेवटच्या ओळीतला चढ इसाओने त्याच्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतला. नंतर आठवड्याभरात इसाओ गेला. सावाने राखीव बाकावरच होता.

"मावशी, आज लावतीलच त्याला," सामन्याआधी गोदाई म्हणाला. "शेवटचा दिवस आहे. मॅनेजर काही दगड नाही."

"दगड बरा. दगड निदान जागचा हलत नाही," मागून म्हातारे मुने आजोबा म्हणाले. "हा गडी दर दोन चेंडूंना माणूस बदलतो. बायको कशी टिकली त्याची, देव जाणे."

"आजोबा, शेवटच्या दिवशी तरी शिव्या नकोत."

"मग कधी देऊ? उद्या कुणाला देऊ, सांग की!"

गोदाई ट्रम्पेटचं तोंड पुसायला लागला.

नवांपैकी आठव्या डावापर्यंत बगळे एका धावेने मागे होते. त्यांचा एक माणूस दुसऱ्या बेसवर पोचलेला, एका चांगल्या फटक्यावर धाव मिळेल असा. आणि मग भोंग्यातून नाव आलं. बदली फलंदाज, सावाने.

गोदाईने मान वळवून हिसाएकडे पाहिलं. पथकाचे सगळे ट्रम्पेट वर गेले. धून ढोलाच्या पहिल्या ठोक्यावर सुरू होते, आणि ठोका द्यायचा तो फलंदाज चौकटीत पाय ठेवेल तेव्हा. खाली सावाने हेल्मेट नीट करत चालत येत होता, कुणाच्या घरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा. हिसाएने दोन्ही टिपऱ्या उचलल्या.

तेवढ्यात समोरच्या संघाच्या मॅनेजरने हात वर केला. पिचर बदल. नवा पिचर पळत आला, डावखुरा.

सावानेही डावखुराच. आणि डावखुऱ्याला डावखुऱ्याचा चेंडू अवघड जातो, हे शिओहामातलं शेंबडं पोरही सांगेल.

"नको," हिसाए पुटपुटली. "नको रे, बाबा."

बगळ्यांचा मॅनेजर बाहेर आला आणि पंचाशी काहीतरी बोलला. भोंगा पुन्हा वाजला. सावानेच्या जागी, मिकुरिया. उजव्या हाताने खेळणारा.

एकदा नाव पुकारून काढलेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही. सावानेने चौकटीच्या अलीकडूनच पंचाला नमस्कार केला, मिकुरियाच्या पाठीवर थाप मारली आणि परत गेला. एकही चेंडू त्याने पाहिला नाही.

ट्रम्पेट अजून वरच होते. सगळे हिसाएची वाट पाहत होते, कारण मिकुरिया चौकटीत उभा राहिला होता आणि त्याची धून सुरू व्हायला हवी होती. तीही इसाओचीच. तिने ठोका दिला. बरोबर तालात दिला, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

मिकुरियाने दुसऱ्याच चेंडूवर असा फटका मारला की चेंडू थेट भिंतीला लागला. धाव आली, बरोबरी झाली. बाकं थरथरली, मुने आजोबा शेजारच्या परक्या बाईच्या गळ्यात पडले. मॅनेजरचं चुकलं, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

सामना बरोबरीत सुटला. जिंकले नाहीत, हरलेही नाहीत. "जाता जाता तेवढंही धड जमलं नाही," मुने आजोबा म्हणाले आणि रुमालात तोंड खुपसून बसले.

मग सगळा संघ मैदानाला फेरी मारत पाठीराख्यांसमोर येऊन रांगेत उभा राहिला. पथकाने एकेकाची धून वाजवली. ज्याची वाजे तो पुढे येऊन टोपी काढी. सगळ्या झाल्या तसा गोदाई ढोलापाशी आला. रडून त्याचे ओठ सुजले होते.

"मावशी, सावानेची घेऊ?"

"तो उभा कुठं राहिला?"

"मावशी..."

"त्यांचा नियम होता, गोदाई. तुलाही ठाऊक आहे."

"नियम संघ असेपर्यंत. उद्यापासून कोण उभं राहणार आहे? मी तरी ट्रम्पेट कुणासाठी उचलणार?"

हिसाएने खाली पाहिलं. सावाने रांगेच्या टोकाला होता, गुडघ्यांवर पुन्हा बांधलेली कॅचरची पॅडं अजून तशीच. संध्याकाळच्या उन्हाने डोळे किलकिले करून तो बाकांकडे पाहत होता. इसाओने काय केलं असतं? बहुतेक मान हलवून नको म्हटलं असतं, आणि मग घरी जाऊन रात्रभर कूस बदलली असती. तो मेला होता, त्याला नियम पाळणं सोपं होतं.

तिने ठोका दिला.

धून छान होती. हे तिला आधी माहीत नव्हतं. मोज्यातून ऐकलेलं आणि मैदानावर ऐकलेलं सारखं नसतं. शेवटच्या ओळीतला तो चढ सुजलेल्या ओठांनीही गोदाईने निभावला. पण शब्द पथकातल्या मोजक्यांनाच ठाऊक, आणि त्यांचे गळे बसलेले. सावाने, सावाने, असं त्यातलं नाव ट्रम्पेटखाली कुणाला ऐकूच गेलं नाही. बाकांवरची माणसं एकमेकांना विचारत होती, "ही कुणाची रे?"

खाली खेळाडूही एकमेकांकडे बघत होते. सावानेने शेजारच्याला कोपराने ढोसून काही विचारलं. शेजाऱ्याने खांदे उडवले.

एक हात ढोलावर ठेवून हिसाएने दुसऱ्या हातातली टिपरी लांब करून त्याच्याकडे रोखली. तू. तुझीच.

सावानेला ते दिसलं. टिपरी आपल्या दिशेला आहे एवढं कळलं, तसं त्याने घाईने मान वळवून मागे पाहिलं, कोण उभं आहे म्हणून. मागे नुसतं गवत होतं. तो जरासा बाजूला सरकला, वाटेत यायला नको म्हणून, आणि पुन्हा बाकांकडे तोंड करून, ज्याची कुणाची धून असेल त्याच्यासाठी, मनापासून टाळ्या वाजवायला लागला.