तिसऱ्यांदा विचार की!

मित्रांनो, मी एक जुनी चहाची किटली आहे. निळ्या एनॅमलची, पोटाने गोल, तोंडाने जरा वाकडी. गेल्या गुरुवारी जे घडले ते कधी एकदा सांगते असे मला झाले आहे!

सबीनाच्या लग्नात तिच्या मावशीने मला दिले आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या घरात मी आले. किती चहा ओतला म्हणून सांगू! पण माझे खरे काम वेगळेच होते. आमच्याकडे मनातले कोणी थेट बोलत नाही. आधी वारा, मग मेंढ्या, मग कोणाच्या तरी गुडघ्याचे दुखणे. चहा विचारला की पाहुणा म्हणणार, "नको, आत्ताच घेतला." पुन्हा विचारले की, "कशाला उगीच त्रास?" तिसऱ्यांदा विचारले की मुकाट्याने खुर्ची पुढे ओढणार. दुसऱ्या 'नको'वर जो थांबला, तो परगावचा समजावा. "या किटलीतला चहा पोटात गेला, की माणूस खरं बोलतो," असे सबीना सगळ्यांना सांगायची. मी फुगून जायची.

पुढे तिचा नवरा गेला. मँचेस्टरहून तिची मुलगी ग्रॉनिया विजेची किटली घेऊन आली आणि मी कपाटावर गेले. माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे भरले. चिमटे, मित्रांनो! फार वाईट वाटायचे.

गेल्या आठवड्यात ग्रॉनिया आईला कायमचे मँचेस्टरला न्यायला आली. विजेची किटली खोक्यात बांधली गेली, म्हणून मला खाली काढून घासले. आणि गुरुवारी शेजारचा कॉलमन आला. मेंढ्या पाळणारा, बायको जाऊन बरीच वर्षे झालेला, भिडस्त माणूस. वारा झाला, मेंढ्या झाल्या. दुसऱ्या कपात बघत तो म्हणाला, "सबीना, माझ्या घरात दोघांना पुरेल एवढी जागा आहे."

मी चुलीवर थरथरलेच!

"काहीतरीच तुझं! तिकीट काढलंय ना."

"तिकिटाचं काय एवढं? राहा ना."

"छे रे, लोक काय म्हणतील?"

त्या 'छे'मध्ये काही दम नव्हता. मी असले नकार आयुष्यभर ऐकले आहेत. आता तिसऱ्यांदा विचार, कॉलमन, विचार! पण वीस वर्षे शहरात काढलेली ग्रॉनिया मध्येच बोलली, "काका, आई दोनदा नाही म्हणाली. उगीच गळ घालू नका तिला."

तिचेही चुकले असे मी म्हणणार नाही. कॉलमन मात्र कानापर्यंत लाल झाला. त्याने टोपी घातली, "बरं, सुखरूप जा," म्हणाला आणि बाहेर पडला.

तिसरा कप भरायला सबीनाने मला उचलले होते. खिडकीतून तो फाटकाकडे जाताना दिसत होता. संपले सगळे, असे मला वाटले. आणि ती धावली! घरातल्या सपाता पायात, मी हातात, गरम चहा ॲप्रनवर उडतोय, कोंबड्या सैरावैरा!

"कॉलमन! अरे गाढवा, तिसऱ्यांदा विचार की!"

तो फाटकाची कडी धरून उभाच राहिला. "येशील?"

"येते! पण तुझं ते कुत्रं पलंगावर झोपतं, ते आजपासून बंद."

"अगं आई," दारातून ग्रॉनिया ओरडली, "मग मला आधी सांगायचं नाही का?"

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. मला घासा, पुसा, माझ्यात चिमटे भरू नका, हे तर झालेच. पण बोलण्यालाही जपा. नको असेल तर नको म्हणा, त्यात काही वाईट नाही. मनात हो असेल, तर मात्र समोरचा माणूस फाटकाशी पोचायच्या आत सांगून टाका. सबीना बहात्तर वर्षांची आहे. त्या दिवशी तिला धावता आले, म्हणून बरे.