दादाच्या कानातला दादा

धाकट्याने कळ दाबली आणि जेवणाच्या टेबलावरच्या स्पीकरमधून दादा कडाडला, "गुडघे वाकवू नका! पाय कमरेतून मारा!"

खुद्द दादा समोरच्या खुर्चीत तोंड मिटून बसला होता. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गाठीसकट त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हापासून गळ्याला रुमाल आणि हातात टॅबलेट एवढाच त्याचा संवादाचा संसार होता.

वहिनी हातातल्या भांड्यासकट स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अगंबाई, हेच! डिट्टो हेच. मी आपला आधी गॅस बंद केला, भाऊजी. म्हटलं, काय चुकलं ते नंतर बघू."

धाकटा खूश झाला. आवाजावरच्या प्रबंधाने त्याला डॉक्टर ही पदवी मिळाली होती, पण घरच्यांच्या लेखी तो खोकल्याचंसुद्धा औषध न देणारा डॉक्टर होता. त्याच्या विद्येचा घराला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ. तरणतलावाच्या समितीने दादाच्या शिकवणीचं अकरा तासांचं चित्रण करून ठेवलं होतं. त्यातून त्याने आवाज सोलून काढला: गळ्याचा एक मूळ कंप, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा चाळीस पटी, आणि हे सगळं वजा केल्यावर उरणारी श्वासाची फुसफुस. पडद्यावर त्या चाळीस पटी फणीच्या दातांसारख्या उभ्या होत्या. त्यांची उंची क्षणाक्षणाला बरोबर हलवली, की दादा जन्मात न बोललेलं वाक्यही दादाच बोलायचा.

दादाने टाइप केलं आणि टॅबलेट उलटा करून दाखवला. "हा मी नाही."

"अरे, सगळं मोजलंय मी. तुझ्यात आणि यात फरक काढून दाखव, नोकरी सोडतो."

"सोड."

"अहो, असं काय करता?" वहिनी म्हणाल्या. "भिंतीपलीकडच्यांना विचारा हवं तर. ते झोपेतसुद्धा ओळखतील."

दादाने अक्षरं मोठी केली. "हा कोणीतरी खेकसतोय. मी असा कधीच बोललो नाही. याला घेऊन मी सोमवारी जाणार नाही."

सोमवारी तलाव उघडत होता. समितीने दादाची जागा राखून ठेवली होती, पण आवाजाची सोय झाली तरच, असं लेखी कळवलं होतं. समितीचंही चुकत नव्हतं. गटांगळ्या खाणाऱ्या पोराला टॅबलेट वाचायला लावणार कसं? आणि तलावाशिवाय दादा म्हणजे काय, ते गेले तीन महिने घरात सगळे बघत होते. दुपारी चार वाजता तो शिट्टी गळ्यात घालून गॅलरीत उभा राहायचा.

धाकट्याने वैतागून दोन्ही कानांत बोटं घातली. "मूर्ख माणूस," तो पुटपुटला. शब्द डोक्यात घुमले. जाड, गोल, जरासे मायाळूच. तो थांबला. पुन्हा म्हणून बघितलं. मग बोटं काढली आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

आजवर त्याने शेकडो माणसांचे आवाज मोजले होते, आणि सगळे माइकमधून. म्हणजे बाहेरून. माणसाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही पोचतो, आणि हाडं खालच्या पटींना मोकळी वाट देतात, वरच्यांना अडवतात. हे तो दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवायचा. शिकवलेलं शिक्षकालाही लागू असतं, एवढंच कोणी सांगत नाही.

"दादा, तुला आतून जो ऐकू यायचा तो करू. पण त्याचं चित्रण जगात कुठे नाही. साक्षीदार तू एकटाच."

"तोही मुका," दादाने टाइप केलं.

पण खुर्ची पुढे ओढली. काठावरून हातांनी खुणा करायची त्याला सवय होतीच. तळवा खाली, म्हणजे वरच्या पटी उतरव. मूठ, म्हणजे खालच्यांना जोर दे. बोटांची फडफड, म्हणजे फुसफुस कमी. चुकलं की तो टेबलावर थाप मारायचा. कंटाळून वहिनी आत गेल्या. दोन तासांनी फणीचे उजवीकडचे दात झडल्यासारखे झाले आणि डावीकडचे टरारून वर आले. धाकट्याने कळ दाबली.

"पाय कमरेतून मारा."

कोणीतरी पोराच्या पोटाखाली हात धरून सांगत असावं, तसं ते आलं. दादाने डोळे मिटले. त्याचा हात हवेत गेला आणि तिथेच राहिला.

वहिनी दारात आल्या. "कोण आलंय?"

"दादाच आहे."

"काहीतरीच. ह्यांचा आवाज असा कधी होता?"

"तुमच्यासाठी नव्हता, वहिनी. त्याला जन्मभर असाच ऐकू आला."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. ह्यात विचारण्यासारखं काय आहे, अशी.

"मग सोमवारी कुठला नेणार?" धाकट्याने विचारलं.

"हाच," स्पीकरमधून उत्तर आलं. दादा आता टॅबलेट उलटा करत नव्हता.

"पोरं घाबरायची नाहीत याला," वहिनी म्हणाल्या.

"कधी घाबरायची?" स्पीकरमधून दादाने विचारलं.

वहिनी टेबलावरचे रिकामे कप गोळा करू लागल्या. दादाची बोटं भरभर चालली.

"राहू दे. मी करतो."

वहिनींचे हात थांबले. शिकायला असताना धाकटा चार वर्षं याच घरात राहिला होता आणि हे वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकलं होतं. नळाशी, कपाटाशी, बॅग उचलताना. प्रत्येक वेळी वहिनी हातातलं आपटून निघून जायच्या, तासभर बोलायच्या नाहीत आणि दादा धाकट्याला विचारायचा, "मी काय बोललो हिला?"

वहिनींनी कप खाली ठेवले. आवाज न करता.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

दादा पुन्हा म्हणाला.

धाकट्याने स्पीकरची मोकळी राहिलेली वायर गुंडाळायला घेतली. जेमतेम हातभर वायर, पण बराच वेळ लागला.