शेजारच्या सीटवरचा चालक

"सर, खाली उतरा. तुम्ही गाडी चालवताय."

ट्रॅफिक पोलीस खिडकीत वाकून हे म्हणाला, तेव्हा बाबांच्या एका हातात पाण्याची बाटली होती आणि दुसऱ्या हातात तिचं झाकण. त्यांच्यासमोर स्टिअरिंग नव्हतं. ते शेजारी होतं, आणि एका न्हाव्यानं ते दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जणू सुटलं तर सगळे बुडू. मी मागच्या सीटवर बसले होते. मला वाटेत बँकेत उतरायचं होतं.

"मी चालवतोय?" बाबांनी विचारलं.

"कायद्यानं तुम्हीच. शिकाऊ गाडीत शेजारी बसतो तो चालक. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

"मग बरोबर आहे." बाबांनी झाकण लावलं.

"आणि सर, तुमचं लायसन्स निलंबित झालंय. कोर्टाची तारीख चुकवलीत तुम्ही."

न्हावी इतका वेळ समोर बघत होता. तो म्हणाला, "मग मी काय करतोय?"

"तुम्ही शिकताय."

"मी उतरून घरी जाऊ का?"

"तुम्ही गेलात तर गाडी रस्त्यात सोडल्याचा गुन्हा सरांवर लागेल."

न्हावी बसून राहिला. शेजारी लायसन्सवालं माणूस असल्याशिवाय त्याला गाडी हलवता येत नव्हती, आणि आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं काम मी बघत असले तरी मला गाडी येत नाही. शेवटी पोलीसच बाबांच्या जागी बसला. पावती फाडून त्यानं ती अदबीनं बाबांना दिली आणि बाबा फुटपाथवरून चालायला लागले. पुढच्या चौकात त्यांनी आम्हाला गाठलं. न्हावी पहिल्या गिअरमधून बाहेरच आला नव्हता.

बाबांना शहरभर ब्रेकसर म्हणतात. आमच्या गाडीला शेजारच्या सीटखालीही ब्रेक आहे, आणि अर्धं शहर त्या ब्रेकच्या भरवशावर गाडी शिकलंय. शिकणाऱ्यानं लाल सिग्नल तोडला, नो एंट्रीत शिरला, दुभाजकावर चढला, तरी दंड बाबांच्या नावावर यायचा आणि बाबा तो गुपचूप भरायचे. शिकणाऱ्याला कळूही द्यायचे नाहीत. "त्याला कळलं तर तो घाबरेल, घाबरला तर पुन्हा चढेल," असा त्यांचा हिशोब होता. त्यामुळे कागदोपत्री बाबांइतका बेजबाबदार ड्रायव्हर या शहरात दुसरा झाला नसेल. प्रत्यक्षात ते कित्येक वर्षं शेजारीच बसून होते.

या वेळचं प्रकरण मात्र दंडावर भागणारं नव्हतं. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात आमच्या गाडीनं लाल सिग्नल तोडला आणि आडव्या रस्त्यानं सायकलवरून येणाऱ्या एका शिंप्याला उडवलं. शिंप्याचं उजवं मनगट मोडलं. स्टिअरिंगवर एक नर्स होती, तिनं तिथेच स्वतःच्या ओढणीनं त्याचा हात बांधला. त्यानंतर समन्स आलं, तारीख पडली. तारखेच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच बाहेर पडले आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाले, "चुकली तारीख."

"चुकली म्हणजे?" आईनं विचारलं होतं. "तारीख काय चप्पल आहे, देवळाबाहेर चुकायला?"

"चुकली म्हणजे चुकली."

बाबांना त्याहून जास्त विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. विचारलं तर ते गाडी पुसायला जातात. आमची गाडी अतिशय स्वच्छ असते.

न्हावी प्रकरणाच्या संध्याकाळी तो पोलीस घरी आला. टोपी काढून सोफ्याच्या अगदी कडेला बसला. बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांची ही एक खूण आहे, ते मागे टेकत नाहीत.

"सर, लायसन्स परत मिळेल, पण पुढच्या तारखेला हजर राहायचं आणि साक्षीदार न्यायचा. त्या नर्सबाईंनी एवढंच सांगायचं, की सरांनी थांब म्हटलं होतं, माझ्याच्यानं थांबलं गेलं नाही. शिकाऊ माणसाची चूक म्हणून ताकीद देऊन सोडतील. नाहीतर..."

"नाहीतर काय?" आई म्हणाली.

"कायमचं रद्द. मग शिकवताही येणार नाही."

"त्या पोरीचं नाव मध्ये आणायचं नाही," बाबा म्हणाले. "नुकती नोकरीला लागलीय. घरोघर पेशंट बघते, गाडी लागते तिला."

"बघा!" आई पोलिसाला म्हणाली. "लोकांच्या चुका न चुकता घरी आणतात, भाजी आणायची मात्र विसरतात."

"साक्षीदार नकोय मला."

"बाबा, या वयात तुम्ही दुसरं काय करणार?" मी विचारलं.

बाबा गाडी पुसायला गेले. अंधारातच पुसत होते. आईनं अंगणातला दिवा लावला, तरी त्यांना काही फरक पडलेला दिसला नाही.

आमच्या सगळ्यांची खात्री होती, की बाबा नेहमीप्रमाणे दुसऱ्याचं पाप पोटात घालतायत. म्हणून मी त्यांना न सांगता नर्सकडे गेले. ती एका म्हाताऱ्या पेशंटचं ब्लड प्रेशर बघत होती. मी दारातूनच सगळं सांगितलं. तिनं पट्ट्यातली हवा सोडली. म्हातारा माझ्याकडे रागानं बघत होता, कारण आकडा त्याला कळला नव्हता.

"ताई, मला नका बोलावू," ती म्हणाली.

"तुमच्यावर काही येणार नाही. पोलिसांनी सांगितलंय, फक्त ताकीद देतील."

"त्याचं नाही हो."

"मग कशाचं? त्यांनी कित्येकांचे दंड भरलेत. एकदा कुणीतरी त्यांच्यासाठी उभं राहायला नको?"

"मी कोर्टात खोटं बोलणार नाही."

"खोटं कोण बोला म्हणतंय? खरं तेच सांगा."

ती माझ्याकडे बघत राहिली. पेशंट लोकांकडे नर्स बघतात तसं. मग म्हणाली, "बरं. येते."

मी म्हाताऱ्यालाही थँक्यू म्हटलं. त्यानं विचारलं, "पण प्रेशर किती आहे?"

कोर्टाच्या दिवशी मी बाबांचा हात धरून त्यांना दुसऱ्या मजल्यावर नेलं. आपण किती काळजी घेतो, असं मला तेव्हा वाटत होतं. खोलीत बाकं होती, बंद पंखा होता आणि प्लास्टरमध्ये हात घातलेला शिंपी होता. आम्हाला बघून तो सरकला आणि त्यानं बाबांना जागा दिली. बाबा बसले. फिर्यादी आणि आरोपी एकाच बाकावर, लग्नातले दोन व्याही बसतात तसे अवघडून बसले. दारातून नर्स आत आली तेव्हा मी उठून हात केला. बाबांनी विचारलं, "कोण आलंय?" मला वाटलं, ओळख दाखवायची नाही म्हणून विचारतायत.

न्यायाधीश बाई थकलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी नर्सला उभं केलं.

"गाडी तुम्ही चालवत होतात?"

"हो."

"सिग्नल लाल होता?"

"हो मॅडम. म्हणून मी गाडी थांबवली होती."

मी बाकावरून थोडी उठले आणि परत बसले.

"थांबवली होती? मग पुढे कशी गेली?"

नर्सनं एकदा बाबांकडे बघितलं. "सर म्हणाले, चल, सुटला सिग्नल. मी म्हटलं, सर, लाल आहे. सर म्हणाले, मी आहे ना शेजारी. मी गाडी सोडली." ती परत न्यायाधीश बाईंकडे वळली. "मॅडम, सरांच्या गाडीत बसल्यावर कुणी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. सर म्हणाले, तर मलाच वाटलं, आपल्याला चुकीचं दिसतंय."

बाबा ताठ बसले होते. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.

"तुम्हाला लाल दिवा दिसला नाही?"

"दिवा होता," बाबा म्हणाले.

"कुठला?"

बाबांनी शर्टाची बाही सरळ केली.

"माझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे. किती वाजलेत त्यात?"

बाबांनी मान वर केली. सरळ बघितलं. मग म्हणाले, "अकराला दहा कमी."

मी माझ्या मनगटावर बघितलं. अकराला दहाच कमी होती. जीव भांड्यात पडला. मग मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, आणि त्यात पावणेचार वाजले होते.

बाबांनी अंदाजानं वेळ बरोबर सांगितली होती, आणि त्यातच ते सापडले.

"दर वर्षी तुमची नेत्रतपासणी होते ना?" न्यायाधीश बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"होते. सगळ्या मुलांना मीच नेतो तिथे. तोच डॉक्टर, तोच तक्ता." बाबा थांबले. "पाठ आहे मला. शेवटच्या ओळीपर्यंत."

"मग गाडीत सिग्नल कसा ओळखायचात?"

"आडव्या रस्त्याचा आवाज थांबला, की आपला हिरवा. कधी चुकलं नव्हतं." ते शिंप्याच्या बाजूला वळले, पण जरा जास्तच वळले, आणि शिंप्याच्या खांद्यावरून पलीकडच्या खिडकीशी बोलले. "सायकलला आवाज नसतो."

शिंपी म्हणाला, "घंटी होती. वाजवायला वेळ मिळाला नाही."

हे तो माफी मागितल्यासारखं म्हणाला. मला वाटतं, त्या खोलीत सगळ्यांनाच तेव्हा कुणाची तरी माफी मागायची होती, आणि कुणी कुणाची मागायची हे ठरत नव्हतं. लायसन्स कायमचं रद्द झालं. शिंप्याच्या औषधपाण्याचा खर्च बाबांवर आला, तो त्यांनी निकालाआधीच कबूल केला होता. कारकुनानं लायसन्स मागितलं. बाबांनी खिशातून पाकीट काढलं आणि बोटांनी चाचपून नेमकं तेच कार्ड बाहेर काढलं. त्यात चूक झाली नाही.

नर्स जिन्यात थांबली होती. "सर, मी..."

"गाडी छान थांबवली होतीस तू," बाबा म्हणाले. "पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे. मला कळलं होतं. पोटातलं पाणीही हललं नाही."

ती रडायला लागली आणि पेशंटकडे उशीर होतोय म्हणून निघून गेली.

खालच्या मजल्यावर एक मोठा काळा बोर्ड होता. कुणाचा खटला कुठल्या खोलीत, ते त्यावर खडूनं लिहिलेलं. बाबा त्याच्यासमोर थांबले.

"मागच्या तारखेला आलो होतो मी," ते म्हणाले.

"इथे?"

"इथेच. शिपायाला विचारलं, कुठे जायचं. तो म्हणाला, बोर्डावर बघा. वकिलाला विचारलं, तोही म्हणाला, बोर्डावर बघा. एका बाईला विचारलं, तिनंही बोट दाखवलं. आता चौथ्या माणसाला काय म्हणू? मला वाचून दाखव? मागे माझेच दोन विद्यार्थी उभे होते. सर, तुमचं काय काम, म्हणून विचारत होते. म्हटलं, सहज आलो होतो."

"मग?"

"मग त्या बाकावर बसलो. कोर्ट बंद होईपर्यंत. वरून कुणीतरी नाव पुकारल्याचं ऐकू आलं एकदा. कुठल्या मजल्यावरून ते कळेना."

साक्षीदार मी आणला होता. खरं तेच सांगा, असंही मीच म्हटलं होतं.

"आईला नको सांगू बोर्डाचं," बाबा म्हणाले. "बाकीचं सांग."

आम्ही रस्ता ओलांडून बस स्टॉपवर आलो. बाबा बसनं कधी गेल्याचं मला आठवत नाही. ते रांगेत सगळ्यांच्या पुढे, फुटपाथच्या कडेला जाऊन उभे राहिले. शर्टाला इस्त्री होती, पाठ ताठ होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, बस आणायची जबाबदारी यांचीच आहे.

वळणावरून मोठा आवाज करत काहीतरी आलं. बाबांनी हात उंच केला.

"चल, आली."

तो पाण्याचा टँकर होता. बाबांचा हात इतका ठाम होता, की टँकरवाल्यानं वेग कमी केला. आमच्यासमोर जवळजवळ थांबलाच, आणि खिडकीतून मान बाहेर काढून बघायला लागला. मागच्या नळातून रस्त्यावर पाणी गळत होतं. बाबा पुढे झाले. मी त्यांच्या मागून टँकरवाल्याला मानेनं नाही म्हटलं, आणि बाबांचा कोपर धरला.

"ही भरलेली आहे, बाबा. पुढची घेऊ."

टँकर निघून गेला. बाबांनी हात खाली घेतला आणि शर्ट नीट केला.

"या वेळेला गर्दी असायचीच," ते म्हणाले.